घरचा कचरा, धंद्याचा कचरा: सुई तीच, वाट वेगळी

इन्शुलिन पेनची वापरलेली सुई घंटागाडीवर द्यायची का? घरातून निघाली असेल तर द्यायची, पण वेगळी, बंद डब्यात. तळमजल्यावरच्या दवाखान्यातून निघाली असेल तर अजिबात नाही. सुई तीच, तिला लागलेलं रक्तही तसंच, तरी कायद्याच्या लेखी हे दोन निराळे कचरे आहेत. महापालिका काय घेते हे विचारताना आपण वस्तूचं नाव सांगतो. कोठीवरचा, म्हणजे सफाई खात्याच्या चौकीवरचा, मुकादम मात्र आधी विचारतो, ‘घरचं आहे का दुकानचं?’ प्रश्न त्याचाच बरोबर आहे.

घरचा हिशेब २०१६च्या घनकचरा नियमांनी मांडला: ओला, सुका आणि घरगुती घातक. पहिले दोन आता पाठ झालेत. तिसऱ्यात रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, सीएफएल, ट्यूबलाइट, पाऱ्याचा फुटका थर्मामीटर, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं आणि सुया-सिरिंज धरल्या होत्या. हा माल घ्यायला दर २० चौरस किलोमीटरमागे एक केंद्र उभारायचं आणि त्याच्या वेळा जाहीर करायच्या, असं त्या नियमांनी नगरपालिका-महापालिकांना बजावलं होतं. आपल्या भागातलं केंद्र कुठे आहे हे एकदा विचारून पाहाच. कोठीवरून वॉर्ड ऑफिसात आणि तिथून परत कोठीवर पाठवणी झाली तर नवल वाटून घेऊ नका. मुंबईत महापालिकेने २०२५मध्ये नोंदणी करणाऱ्या सोसायट्यांकडून सॅनिटरी पॅड, डायपर आणि मुदतबाह्य औषधं वेगळी उचलायची सोय सुरू केली. त्यात वसतिगृहं आणि ब्युटी पार्लरही धरली आहेत. म्हणजे घर आणि धंदा यांतली रेघ सगळीकडे एकाच जागी पडत नाही.

दवाखान्याची वाट मात्र ठरलेली. त्याला जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम लागू होतात. खाटा असोत-नसोत, लॅब असो की जनावरांचा दवाखाना, सुटका कोणाचीच नाही. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनची नळी लाल पिशवीत, सुई भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात. पिशव्यांवर बारकोड लागतो आणि त्या अनेक दवाखान्यांच्या सामायिक प्रक्रिया केंद्राच्या गाडीतून जातात. यातला रक्ताळलेल्या कापसासारखा कचरा सहसा ४८ तासांपेक्षा जास्त साठवून ठेवता येत नाही. ही गाडी महापालिकेच्या घंटागाडीपेक्षा वेगळी. तिचे पैसे दवाखाना भरतो, आणि ते वाचवायचा मोह कुठे नेतो हे कचरा डेपोवर काम करणाऱ्यांना विचारा.

गंमत अशी, की याच नियमांत घरच्या सुईचाही उल्लेख आहे. घरी झालेल्या उपचारांतला कचरा वेगळ्या पिशवीत किंवा डब्यात महापालिकेच्या माणसाकडे द्यायचा आणि महापालिकेने तो त्याच प्रक्रिया केंद्राकडे पोचवायचा. शेवट एकच, फक्त आपल्या वाटेवर मध्ये माणसाचे हात आहेत. सुका कचरा शेडमध्ये हातांनी निवडला जातो. दुधाच्या पिशव्यांच्या ढिगात दडलेली सुई बोटात गेली, की कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही, सगळ्यांची धास्ती. म्हणून पेनची सुई काढताना तिचं मोठं बाहेरचं टोपण बसवून फिरवायची आणि टोपणासकट टॉयलेट क्लीनरच्या रिकाम्या जाड बाटलीत टाकायची. पाण्याची बाटली नको. ती पातळ असते, शिवाय भंगारात विकली जाते म्हणून कोणीतरी ती उघडतंच. पाऊण बाटली भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारायची, वर ठळक अक्षरात ‘सुया’ लिहायचं आणि कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात सांगून द्यायची.

औषधांचंही असंच. आजीच्या डब्यातल्या मुदत संपलेल्या गोळ्या सुयांसारख्याच वेगळ्या द्यायच्या. मेडिकलवाल्याकडचा मुदतबाह्य माल ‘विक्रीसाठी नाही’ अशी खूण करून वेगळा ठेवायचा आणि वितरकामार्फत कंपनीकडे परत. गोणीभर स्ट्रिप्स घंटागाडीत रिकाम्या करणं हा सरळ गुन्हा समजा. घरी मात्र स्ट्रिप फोडून गोळ्या बेसिनमध्ये सोडू नयेत, आहेत तशाच द्याव्यात.

हॉटेलात प्रश्न वस्तूचा नसून वजनाचा. घरातल्या भाजीच्या सालींत आणि हॉटेलातल्या सालींत फरक काहीच नाही, पण दिवसाला सरासरी १०० किलोंच्या वर कचरा गेला की ते आस्थापन मोठं कचरा निर्माता ठरतं. मग ओल्या कचऱ्याची व्यवस्था शक्य तितकी आवारातच करायची. हा नियम मोठ्या सोसायट्यांनाही लागू आहे, तेव्हा ‘आम्ही तर घरगुती’ हे उत्तर तिथे चालत नाही.

राडारोडा घराचा असो वा बिल्डरचा, घंटागाडी घेत नाही. न्हाणीघराच्या फोडलेल्या फरश्यांसाठी महापालिकेची वेगळी गाडी मागवायची, तिचे पैसे पडतात का हेही विचारायचं.

सगळ्यात घोळ होतो तो राहत्या घरीच दवाखाना असला की. पुढच्या खोलीत पेशंट, मागे स्वयंपाकघर. तिथे दोन्ही नियम एकाच उंबऱ्याच्या आत चालतात: भाजीची देठं घंटागाडीत, जखम पुसलेला बोळा पिवळ्या पिशवीत. आणि त्या पुढच्या खोलीतले औषधांचे रिकामे खोके, वर्तमानपत्रं, चहाचे कप? ते महापालिकाच नेते. फक्त रक्ताच्या बोळ्याशी त्यांची गाठ पडलेली नसावी.