‘बॅकअप मारला’ म्हणजे नेमके काय केले? सीमाभागातील लग्नाच्या डेटाची पार्श्वभूमी

फिल्म रोलच्या काळात लग्नाच्या फोटोंचा बॅकअप, म्हणजे जपून ठेवलेली दुसरी प्रत, हा प्रश्नच नव्हता. निगेटिव्ह एकच असे. पट्ट्या कापून प्लास्टिकच्या पिशवीत जात. ती पिशवी स्टुडिओत राहणार की यजमानाकडे, एवढाच काय तो वाद. ३६ च्या चार-पाच रोलांत लग्न आटोपे. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या दमट हवेत बुरशी धरलीच, तर ते नशीब.

२००३-०४ च्या सुमारास सहा मेगापिक्सेलचे डिजिटल एसएलआर आवाक्यात आले आणि त्यांच्यामागून एक वाक्प्रचार आला: ‘बॅकअप मारणे’. आजचा निम्मा घोळ याच दोन शब्दांत आहे.

तेव्हा स्टुडिओच्या कॉम्प्युटरला ४० किंवा ८० जीबीची हार्ड डिस्क असायची. लग्नाचे ८०० जेपेग, प्रत्येकी तीन एमबी, म्हणजे अडीच जीबीच्या आत. खरी जागा खाल्ली ती करिझ्मा अल्बमने, म्हणजे कॉम्प्युटरवर पाने जुळवून छापलेल्या अल्बमने. १२ बाय ३६ इंचाचे एक शीट ३०० डीपीआयने केले की लेयर (फोटो, मजकूर, सजावट यांचे वेगवेगळे थर) नसलेली फाइलच ११५ एमबीच्या आसपास जाते. लेयर ठेवले तर दुप्पट-तिप्पट. पाच-सहा लग्नांत डिस्क भरायची. मग डीव्हीडी राइट करायची, फोल्डर डिलीट करायचा, पुढच्या लग्नाला जागा मोकळी. याला म्हणायचे ‘बॅकअप मारला’. प्रत आधीही एकच होती, नंतरही एकच राहिली. फक्त ती डिस्कवरून डीव्हीडीवर गेली. हे स्थलांतर होते. त्याला बॅकअप हे नाव पडले आणि ते नावच काम झाल्याचा दाखला ठरले.

बरे, ज्या वस्तूवर ती एकुलती प्रत ठेवली, ती वस्तू तरी भक्कम असावी? ५० च्या गठ्ठ्यातल्या स्वस्त डीव्हीडीत डेटा सेंद्रिय रंगाच्या थरावर लिहिला जातो. ऊन आणि दमट हवा या दोन्हींनी तो थर खराब होतो. वर वधूवरांचे फोटो असलेले स्टिकर चिकटवले की चकती फिरताना डगमगते. घाईत सर्वांत जास्त स्पीडला राइट करायचे आणि ‘व्हेरिफाय’ची, म्हणजे लिहिलेले तपासून बघण्याची, खूण काढून टाकायची, ही तर रीतच होती. ४.७ जीबीच्या चकतीवर कॉम्प्युटर ४.३८ च दाखवतो, म्हणून शेवटचा फोल्डर दुसऱ्या चकतीवर जाई आणि नेमकी तीच सापडत नसे.

डीव्हीडी जाऊन यूएसबी हार्ड डिस्क आली, सवय मात्र तीच. आता कट-पेस्ट. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर ‘कट’ केले की फाइल आधी कॉपी होते आणि मग मूळ जागेवरून जाते. पोचलेली फाइल धड आहे का, हे तपासले जात नाही. मध्येच वीज गेली की अर्धे लग्न इकडे, अर्धे तिकडे. त्यातच डिस्क एक्सफॅट या फाइल मांडायच्या पद्धतीत फॉरमॅट केलेली असली तर तिला जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही, नसते. ऐन कॉपीत वायर निघाली तर अख्खा फोल्डर दिसेनासा होऊ शकतो. विंडोजवरच काम असेल तर जर्नल असलेली एनटीएफएस पद्धत बरी. अल्बमच्या मशीनला यूपीएस आणि डिस्कच्या हबला साधा प्लग, हे दृश्य अजूनही दिसते.

२०१० नंतर दोन कार्डांच्या खाचा असलेले कॅमेरे लग्नात दिसू लागले आणि शब्दाचा गुंता वाढला. मेनूतच ‘बॅकअप’ लिहिलेले. त्यात प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर लिहिला जातो. शेजारी ‘ओव्हरफ्लो’, म्हणजे पहिले कार्ड भरले की दुसऱ्यावर लिहिणे. अनेकांचा कॅमेरा ओव्हरफ्लोवर असतो आणि समज मात्र बॅकअपचा. खरा बॅकअप मोड लावला तरी वेग हळू कार्डाच्या चालीने पडतो, अक्षतांच्या वेळी बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो, म्हणून तो बंद केला जातो. शिवाय दोन्ही कार्डे एकाच बॅगेत असतात. २०१८ मध्ये काही मोठ्या कंपन्यांचे मिररलेस कॅमेरे एकाच खाचेचे आले तेव्हा लग्नवाले चिडले. ते रास्तच होते, पण चिडणाऱ्यांपैकी कितीजण घरी गेल्यावर दुसरी डिस्क जोडत होते?

तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत दुसऱ्या जागी हा नियम एका अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केला. इकडे त्याचा तिसरा भाग पटला तो ऑगस्ट २०१९ मध्ये. वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच फुगल्या. तळमजल्यावरच्या दुकानातल्या एकाच कपाटात तीन डिस्क असल्या तरी पाण्याला त्या एकच. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. भिजलेली डिस्क चालू करून बघू नये, उन्हात वाळवू नये. ओलसरच हवाबंद पिशवीत घालून रिकव्हरीवाल्याकडे द्यावी. लग्ने नसतात तो चातुर्मास डिस्क आवरायचा काळ, आणि पुराचाही तोच. जुन्या लग्नांच्या डिस्क आवरायच्या तर ज्येष्ठातच आवरलेल्या बऱ्या.

पाण्यासारखाच फटका त्याच सुमारास क्रॅक सॉफ्टवेअरमधून आलेल्या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, दिला. सतत जोडलेली बॅकअपची डिस्कही तो लॉक करतो. एका डिस्कवरचा प्रत्येक बदल दुसरीवर आपोआप करणारे ‘मिरर’ सिंक लावलेले असेल तर चुकून डिलीट केलेली फाइल दुसरीकडूनही निघून जाते. म्हणून कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची. दोन डिस्कवर फाइलींची संख्या आणि बाइट जुळल्याशिवाय, शिवाय चेकसम (फाइलीतील मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने पडताळल्याशिवाय, कार्ड फॉरमॅट करायचे नाही. करायचे ते कॅमेऱ्यातच.

क्लाउडबद्दल थोडक्यात. १०० एमबीपीएसने फोरके व्हिडिओ घेतला तर तासाला ४५ जीबी होतात. दीडशे जीबीचे लग्न १० एमबीपीएस अपलोडने चढवायला ३३ तास. तेव्हा निवडलेले जेपेग क्लाउडवर, रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, मोठ्या फाइली) आणि व्हिडिओ डिस्कवर.

शोधण्याची अडचण खास इथली. २०१४ मध्ये बेळगाव शहराचे अधिकृत नाव बदलले. इंग्रजीत फोल्डर लिहिणाऱ्यांच्या डिस्कवर ‘बेलगाम’ आणि ‘बेळगावी’ अशी दोन स्पेलिंगे झाली. एकाने शोधले की दुसरे सापडत नाही. ‘पाटील मॅरेज’ नावाचे तर दहा फोल्डर. वर्ष-महिना-दिवस, मग दोन्हीकडची आडनावे आणि कार्यालयाचे नाव असे लिहिले की क्रम आपोआप लागतो.

आता मराठी-कन्नड पावतीपुस्तकांवर ‘अल्बम दिल्यापासून ९० दिवसांनंतर डेटाची जबाबदारी नाही’ अशी ओळ छापलेली दिसते. यजमान वर्षभर फोटो निवडून देत नाहीत, अल्बम होत नाही, आणि ते ९० दिवस सुरूच होत नाहीत.