पक्षाघातानंतरची गिळण्याची प्राथमिक चाचणी

मेंदूचा रक्तपुरवठा अचानक तुटल्याने किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्याने पक्षाघात झालेल्या रुग्णाला तोंडाने पाणी, अन्न किंवा औषध देणे सुरक्षित आहे की नाही, हे ठरवण्यासाठी त्याच्या खाटेपाशीच काही मिनिटांत केली जाणारी तपासणी. बहुतेक ठिकाणी प्रशिक्षित परिचारिका ती करते. या तपासणीला यंत्र लागत नाही. पाणी, चमचा, पेला आणि सावध डोळे-कान पुरतात. गिळण्यात नेमका कोणता दोष आहे, याचे निदान या चाचणीतून होत नाही. आत्ता तोंडाने काही द्यावे की थांबावे, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर ती देते, आणि म्हणून ती पहिल्या घोटाच्या आधी झाली तरच तिचा उपयोग. नातेवाइकांनी मायेने पाजलेले चमचाभर पाणी किंवा घाईने दिलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी, दोन्हींना हा नियम सारखाच लागू आहे.

गिळण्याच्या क्रियेत 25 हून अधिक जोड स्नायू आणि कवटीतून निघणाऱ्या चेतांच्या पाच जोड्या भाग घेतात. घास घशात उतरताच श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे उचलले जाते, त्यावरची झडप खाली येते, स्वरतंतू मिटतात आणि अन्ननलिकेचे वरचे तोंड उघडते. घशातला हा सगळा व्यवहार साधारण एका सेकंदात उरकतो. त्याचे संयोजन मस्तिष्कस्तंभातल्या लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या अगदी खालच्या भागात, होते, त्यामुळे तेथील लहानसा आघातही गिळणे जवळजवळ बंद पाडू शकतो. मोठ्या मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांचेही गिळण्यावर नियंत्रण असते, मात्र ते बहुतेक माणसांत सारखे नसते. एकाच बाजूच्या आघाताने काहींचे गिळणे बिघडते आणि काहींचे बिघडत नाही ते यामुळेच, आणि पुढे न दुखावलेली बाजू काम उचलते म्हणून अनेकांचे गिळणे परत येते.

हा त्रास किती रुग्णांना होतो, हे शोधण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात हे प्रमाण साध्या प्राथमिक चाचणीत 37 ते 45 टक्के, तर यंत्राच्या साहाय्याने केलेल्या तपासणीत 64 ते 78 टक्के आढळले. गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णांत न्यूमोनियाचा धोका सुमारे तिप्पट होता. ज्यांच्या श्वासमार्गात अन्न-पाणी उतरत असल्याचे दिसले, त्यांच्यात तो सुमारे 11 पट होता.

चाचणीची सुरुवात पाण्याने होत नाही. रुग्ण पुरेसा जागा आहे का, आधार देऊन सरळ बसू शकतो का, मान सावरतो का, हे आधी पाहतात. पेंगणाऱ्या किंवा आडव्या रुग्णाची चाचणी घेणे हाच धोका आहे. मग तोंड स्वच्छ करतात, कारण अस्वच्छ तोंडातली लाळ फुप्फुसात गेली तर तिच्याबरोबर जंतूही जातात. ओठांच्या कडेने लाळ गळते का, जीभ दोन्ही बाजूंना वळते का, सांगितल्यावर जोराने खोकता येते का आणि आवाज कसा आहे, याची नोंद होते. यात काही बिघाड दिसला तर पुष्कळ पद्धतींत चाचणी तेथेच थांबते. सर्व ठीक असल्यास एकेक चमचा पाणी देऊन प्रत्येक घोटानंतर स्वरयंत्र वर सरकल्याचे बोटांनी तपासतात आणि रुग्णाला ‘आ’ म्हणायला लावतात. ठसका लागला, धाप लागली, पाणी तोंडातून परत आले किंवा आवाज घशात पाणी साचल्यासारखा घरघरीत झाला, तर चाचणी फसली असे धरतात. चमच्याने दिलेले पाणी नीट गेले, तर पेल्याने मोजके पाणी पिण्यास देतात. 1992 मध्ये मांडलेल्या व पुढे फार प्रचलित झालेल्या चाचणीत ते सुमारे 90 मिलिलिटर असते, आणि ते न थांबता प्यायचे असते.

यात सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे ठसका न लागणे. घशाची संवेदना बधिर झालेल्या रुग्णाच्या श्वासमार्गात पाणी उतरते, तरी तो खोकत नाही. म्हणून ‘खोकला नाही, म्हणजे नीट गिळले’ हा निष्कर्ष धोक्याचा आहे. घशामागे काडी लावून उमासा येतो का ते पाहण्याच्या जुन्या सवयीवरही विसंबता येत नाही, कारण पुष्कळ निरोगी माणसांतही तो येत नाही आणि तो आला तरी गिळणे सुरक्षित असल्याची खात्री मिळत नाही. 2008 च्या एका मोठ्या अभ्यासात 90 मिलिलिटरच्या चाचणीची संवेदनक्षमता 96.5 टक्के, पण विशिष्टता केवळ 48.7 टक्के होती. म्हणजे धोका असलेले फारच थोडे सुटतात, पण धोका नसलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक अडवले जातात. प्राथमिक चाचणीकडून हा सौदा पत्करण्यासारखा आहे. अडवलेला रुग्ण पुढच्या तपासणीत मोकळा होतो, निसटलेला रुग्ण मात्र आजारी पडतो.

ऑस्ट्रियात 2007 मध्ये मांडलेली गुगिंग चाचणी वेगळ्या क्रमाने जाते. ती आधी लाळ गिळण्याचे निरीक्षण करते, मग दाट पदार्थ, मग पाणी आणि शेवटी घन पदार्थ देते आणि 20 पैकी गुण देते. पक्षाघातानंतर पातळ पाण्यापेक्षा दाट पदार्थ सांभाळणे अनेकांना सोपे जाते, हा विचार त्यामागे आहे. टोरांटोच्या 2009 च्या चाचणीत पाण्याचे दहा चमचे देतात.

चाचणी फसल्यास तोंडाने काहीही न देता रुग्णाला गिळण्याच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे बहुधा स्पीच थेरपिस्टकडे, सोपवतात. आवश्यक वाटल्यास क्ष-किरणांच्या चलचित्राखाली किंवा नाकातून घातलेल्या दुर्बिणीने गिळणे प्रत्यक्ष पाहिले जाते. मूकपणे श्वासमार्गात उतरणारे पाणी तेथेच दिसते. दरम्यान शिरेतून द्रव आणि गरजेनुसार नाकातून घातलेल्या नळीने पोषण व औषधे दिली जातात. 2005 च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुरुवातीच्या आठवड्यांत थेट जठरात बसवलेल्या नळीपेक्षा नाकातली नळीच बरी ठरली.

ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांत रुग्णालयात आल्यापासून 4 तासांच्या आत ही चाचणी करण्यास सांगितले आहे. 2005 मध्ये 15 रुग्णालयांच्या पाहणीत ठरावीक पद्धतीची चाचणी असलेल्या ठिकाणी न्यूमोनिया 2.4 टक्के, तर नसलेल्या ठिकाणी 5.4 टक्के आढळला. ऑस्ट्रेलियात 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ताप, रक्तशर्करा आणि गिळणे या तिन्हींवर परिचारिकांनी एकत्र लक्ष ठेवलेल्या विभागांत 90 दिवसांनंतर मृत्यू किंवा परावलंबन 42 टक्के, तर इतर विभागांत 58 टक्के होते. त्यातला नेमका किती वाटा गिळण्याच्या चाचणीचा, हे वेगळे काढता येत नाही.

एकदा फसलेली चाचणी कायमचा निर्णय नसते. अनेकांचे गिळणे पहिल्या दोन आठवड्यांत सुधारते, म्हणून ती ठरावीक काळाने पुन्हा करतात. उत्तीर्ण झालेला रुग्ण नंतर पेंगू लागला, त्याला ताप आला किंवा आघात वाढला, तर पुढचा घास देण्याआधी त्याचीही चाचणी नव्याने करावी लागते.