पाषाणमध्ये बसून दिल्लीचा धूर मोजताना

दिल्लीत उद्या श्वास घेणं कितपत जड जाणार, याचं गणित पुण्यात पाषाणला मांडलं जातं. भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्लीसाठी हवेच्या प्रदूषणाची पूर्वसूचना देणारी यंत्रणा सुरू केली. पंजाब-हरियाणात भात कापला की गव्हाच्या पेरणीची घाई असते, म्हणून शेतात उरलेला पेंढा आणि धसकटं पेटवून देतात. वारा वायव्येचा असला की तो धूर थेट राजधानीत.

संगणकातलं मॉडेल वारा, तापमान, धूर यांची समीकरणं सोडवत पुढे जातं. पण ते जुन्या चावीच्या घड्याळासारखं असतं. चालतं नीट, रोज थोडं मागेपुढे होतं. पूर्वी घरोघरी आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की घड्याळ लावून घेत, तसं मॉडेलही रोज लावून घ्यावं लागतं. ही वेळ सांगतात उपग्रह. 'टेरा' आणि 'अ‍ॅक्वा' यांच्यावरचा मोडिस हा संवेदक हवेतल्या कणांनी किती प्रकाश अडवला ते मोजतो. हा आकडा १ आला, तर माथ्यावरच्या सूर्याचा जेमतेम ३७ टक्के प्रकाश सरळ जमिनीवर पोहोचतो.

गंमत अशी, की हा आकडा जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचा असतो आणि आपण श्वास घेतो तो तळाशी. चमचाभर तिखट पातेलंभर आमटीत पडलं तर चव येते. तेवढंच वाटीत पडलं तर ठसका लागतो. उन्हाळ्याच्या दुपारी दिल्लीवरची हवा दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते, हिवाळ्याच्या रात्री मात्र काहीशे मीटरही नाही. वाटी केवढी, हे मॉडेलनेच सांगायचं. त्यात धूर स्वतःच ऊन अडवतो, जमीन कमी तापते, वाटी आणखी लहान होते. म्हणून धुराचा आकडा सुधारला की तापमानाचा अंदाजही सुधारण्याची शक्यता असते.

आता अडचणी. हवा फारच गढूळ झाली की मोडिसची आज्ञावली तिला ढग समजते आणि नकाशावर तिथे कोरी जागा सोडते. जिथे आकडा सर्वांत जास्त हवा, नेमका तिथेच नाही!

दुसरी अडचण वेळेची. आगी मोजणारे महत्त्वाचे उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास जातात. चार वाजता पेटवलेलं शेत त्यांच्या हिशेबात येत नाही. २०२४ मध्ये नासाचे शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी दक्षिण कोरियाच्या भूस्थिर, म्हणजे सतत एकाच भागावर नजर ठेवणाऱ्या उपग्रहाची चित्रं पाहून हेच दाखवलं: आगी आता दुपार कलल्यावर लागताहेत. मुद्दाम की योगायोगाने, यावर हवा तेवढा वाद घाला; मॉडेलच्या दृष्टीने धूर बेपत्ताच.

मग आपला हवामान उपग्रह इन्सॅट का नाही वापरत? तो ३६,००० किलोमीटरवर एका जागी असतो आणि दर अर्ध्या तासाला चित्र देतो. रात्रीचं धुकं ओळखायला तो उत्तम. दाट धुकं ३.९ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त किरणांत १०.८ मायक्रॉनच्या किरणांपेक्षा थंड दिसतं, त्या फरकावरून ते पकडता येतं. पण या किरणांत त्याच्या चित्रातला एकेक ठिपका चार किलोमीटरचा. म्हणजे एका ठिपक्यात जवळजवळ चार हजार एकर, आणि पेटलेलं असतं कुणाचं तरी पाच एकरांचं रान.