डब्यात परत न जाणारी चिठ्ठी

आमच्या इमारतीतल्या भिशीत बारा जणी आहेत. दर महिन्याला स्टीलच्या डब्यातून एक चिठ्ठी निघते आणि ती पुन्हा डब्यात जात नाही. परवा शेजारच्या काकू फणकारल्या, "पहिल्याच महिन्यात चान्स असतो, नंतर नुसती वाट बघायची!" चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढली की न्याय होतो, हाही त्यांचा ठाम समज. हात कुणाचाही असो, डब्याला त्याचं काही नसतं.

पहिल्या महिन्यात काकूंना भिशी लागण्याची शक्यता १/१२. दुसऱ्या महिन्यात? अकरा चिठ्ठ्या उरल्या, म्हणजे १/११, असं पटकन तोंडात येतं. पण त्यासाठी आधी पहिल्या महिन्यात त्यांचं नाव निघालेलं नसावं लागतं. त्याची शक्यता ११/१२. गुणाकार करा: ११/१२ × १/११. वरचे अकरा खालच्या अकरांना खातात, उरतं १/१२. तिसरा महिना: ११/१२ × १०/११ × १/१०. पुन्हा १/१२! बाराव्या महिन्यापर्यंत हेच. ही काटाकाटी मला शाळेत असल्यापासून आवडते. १/११ हा आकडाही चूक नाही. तो पहिली चिठ्ठी उघडून, त्यात दुसऱ्याच कुणाचं नाव वाचल्यानंतरचा.

आता गंमत. बारापैकी चौघी आमच्या मजल्यावरच्या. यंदा पहिल्या तीनही भिश्या आमच्याच मजल्यावर लागल्या आणि जिन्यात कुजबुज सुरू झाली. शक्यता ४/१२ × ३/११ × २/१०, म्हणजे ५५ मध्ये एक. चिठ्ठी दरवेळी परत टाकली असती तर २७ मध्ये एक. आमच्यातली निघालेली प्रत्येक चिठ्ठी डब्यातला आमच्या मजल्याचा वाटा कमी करत जाते, म्हणून हा फरक. दुर्मीळ खरं, पण एवढ्यावरून लबाडी ठरत नाही.

शंका घ्यायचीच तर डबा हलवण्यावर घ्यावी. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सैन्यभरतीसाठी ३६६ जन्मतारखांची सोडत झाली. तारखांच्या कुप्या महिन्यावार भरल्या होत्या आणि पुरेशा ढवळल्या नव्हत्या. तारीख कितवी निघाली, तो तिचा क्रमांक; पुढे १९५ क्रमांकापर्यंतच्यांना बोलावणं गेलं. डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी सोळा-सतरा त्यात असायला हव्या होत्या, होत्या २६. १९७० च्या सोडतीला दोन पिंपं आणली: एकात तारखा, दुसऱ्यात क्रमांक.