ज्याचा आकडा मोठा, त्याची यादी खरी

‘स्विच क्लायंट मोडमध्ये आहे ना, मग लावा बिनधास्त. तो फक्त ऐकतो.’ सिस्कोच्या व्हीटीपीवर चालणाऱ्या नेटवर्कला आणखी एक स्विच (संगणक एकमेकांना जोडणारं उपकरण) लावायचा असला, की नेटवर्कच्या कामात मुरलेली माणसंही हे छातीठोकपणे सांगतात. ते चूक आहे.

एकाच स्विचवर एकमेकांना न दिसणारी अनेक नेटवर्कं आखता येतात, ती व्हीलॅन. दोन स्विचना जोडणाऱ्या ट्रंकवर फ्रेमला (माहितीच्या तुकड्याला) सहसा ४ बाइटचा टॅग लागतो आणि त्यातल्या १२ बिटांत व्हीलॅनचा क्रमांक असतो. स्विच पन्नास असले, तर नवं व्हीलॅन पन्नास ठिकाणी टाइप करत बसायचं. हा वैताग टाळायला सिस्कोने व्हीटीपी आणला: एका स्विचवर (सर्व्हर) नोंद करा, बाकीचे (क्लायंट) ट्रंकवरून उचलतात.

उचलतात कसे, ही खरी गंमत. व्हीलॅनच्या यादीला एक रिव्हिजन नंबर असतो. यादीत बदल केला की तो एकाने वाढतो. दर ३०० सेकंदांनी, आणि मध्ये काही बदललं तर लगेच, स्विच एक छोटा सारांश पाठवतो: डोमेनचं (एकत्र चालणाऱ्या स्विचच्या गटाचं) नाव, रिव्हिजन नंबर आणि पासवर्ड मिसळून काढलेला एमडी५ (पडताळणीचा ठसा). ऐकणारा स्विच नाव ताडून बघतो, मग आकडा. समोरचा आकडा मोठा निघाला, तर तो पूर्ण यादी मागवतो आणि एमडी५ जुळला की स्वतःची यादी टाकून देतो. दोन्ही याद्या एकत्र करणं वगैरे काही नाही.

पाठवणारा सर्व्हर आहे की क्लायंट, हे यात कुठेच विचारलं जात नाही! चालू नेटवर्कचा आकडा ३१ आहे. प्रयोगासाठी वापरलेला, त्याच डोमेनचा आणि त्याच पासवर्डचा एक क्लायंट स्विच ४७ आकडा आणि तीनच व्हीलॅन घेऊन आला. ट्रंक जुळली की सगळीकडे तीनच व्हीलॅन उरतात. व्हीलॅन २० मधले पोर्ट २० मध्येच राहतात, पण २० अस्तित्वातच नसल्याने निष्क्रिय होतात. केबल शाबूत, वाहतूक ठप्प.

‘स्वतः शिकणारं नेटवर्क’ अशी जाहिरात दिसली की मला हे आठवतं. इथलं शिकणं म्हणजे दोन आकड्यांची तुलना.

व्हीटीपीच्या तिसऱ्या आवृत्तीत ही फट बुजवली आहे. यादी फक्त मुद्दाम नेमलेला प्रायमरी सर्व्हरच बदलू शकतो. मानकं ठरवणाऱ्या आयईईई संस्थेच्या एमव्हीआरपी या पद्धतीची वाट तर वेगळीच: त्यात यादी लादली जात नाही, ‘मला हे व्हीलॅन हवंय’ अशी घोषणा पोर्टागणिक होते आणि रजिस्टर-लीव्हच्या (नोंदणी आणि माघारीच्या) अवस्था टायमरवर चालतात.

जुन्या आवृत्तीवर असाल, तर कॉन्फिगरेशन पुसून भागत नाही. यादी फ्लॅशमधल्या (स्विचच्या कायमच्या मेमरीतल्या) व्हीलॅन डॉट डॅट फाइलमध्ये तशीच राहते. स्विच जोडण्याआधी ट्रान्स्परंट मोडमध्ये (यात तो इतरांची यादी उचलत नाही) न्या, आकडा शून्य होतो. ‘शो व्हीटीपी स्टेटस’ देऊन तो शून्य डोळ्यांनी बघा, मगच केबल लावा.