७२० टन सोनं किती जागेत मावतं?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता, अकरावी सायन्सला आहे. रात्री जेवणं झाली की लॅपटॉप घेऊन बसतो, एलिट डेंजरस नावाचं गेम आहे, अंतराळात व्यापार करायचा, इथून माल उचलायचा आणि दुसऱ्या ताऱ्यापाशी नेऊन विकायचा. मला हाक मारली, "मामा, इकडं या, हे बघा, एका खेपेत ७२० टन सोनं भरलंय." स्क्रीनवर भलंमोठं जहाज, आणि माल सगळा एकसारख्या पिंपांत, एका पिंपात एक टन. मी विचारलं मागच्या खेपेला काय नेलं होतं, तर म्हणे हायड्रोजन, ते पण ७२० टन, पिंपं तेवढीच आणि तेवढ्याच आकाराची.

तिथंच मी खुर्ची ओढून बसलो, कारण माझं अर्धं शिक्षण वजनकाट्यावर झालंय. जालन्यात आमच्या घरचा काटा होता आणि कॉलेजात असताना मी तिथं पावत्या फाडायचो. आधी रिकाम्या गाडीचं वजन घ्यायचं, मग भरून आली की भरतीचं, दोन्हीतली वजाबाकी म्हणजे माल. काट्यावर वर्षभर बसलं की एक गोष्ट डोळ्यांत भरतेच. सळईची गाडी येते तेव्हा लांबून बघितलं तर रिकामीच वाटते, हौद्यात तळाला वीतभर माल आणि वर सगळी मोकळी हवा, पण चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबून सपाट झालेले असतात. आणि कापसाची गाडी येते ती डोंगरासारखी, फाळक्याच्या वर जाळी बांधून आणखी तेवढाच कापूस, काट्यावर मात्र आकडा एवढासा. लोक म्हणतात "गाडी भरली", पण गाडी दोन तऱ्हेनं भरते, एकतर जागा संपते नाहीतर वजन संपतं. क्वचितच दोन्ही एकदम संपतं.

ह्याचाच हिशोब करून बघू. दहाचाकी गाडी घ्या, हौदा २२ फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि फाळक्यापर्यंत सहा फूट उंच. म्हणजे साधारण २८ घनमीटर जागा. माल १८ टन न्यायची परवानगी धरा. १८,००० किलोला २८ नं भागा, येतात दर घनमीटरला साधारण ६४० किलो. ही त्या गाडीची स्वतःची घनता म्हणा, शाळेतल्या पुस्तकात अशी कुठं लिहिलेली नसते पण ट्रान्सपोर्टवाल्याला न शिकता माहीत असते. ह्यापेक्षा जड माल भरला तर जागा उरते आणि वजन संपतं, ह्यापेक्षा हलका भरला तर वजन उरतं आणि जागा संपते. लोखंडाची घनता ७,८५०, म्हणून १८ टन लोखंड म्हणजे फक्त २.३ घनमीटर, हौद्यात पसरलं तर सहा इंच उंचीचा थर (सळईमधल्या फटी धरून वीतभर). सोयाबीन मात्र ७०० ते ७५० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ त्या ६४० पाशीच, म्हणून सोयाबीनची गाडी वजनालाही पुरती भरते आणि दिसायलाही भरलेली दिसते. मला हे अजून सुंदर वाटतं. कंटेनरचं पण तेच बघा, २० फुटीत ३३ घनमीटर जागा आणि ४० फुटीत ६७, म्हणजे दुप्पट, पण भरून एकूण वजनाची मर्यादा दोन्हीला जवळपास सारखीच, ३० टनांच्या आसपास. म्हणून जड माल छोट्यात जातो आणि हलका फुगीर माल मोठ्यात.

आता सोनं. घनता १९,३०० किलो दर घनमीटर. एक टन सोनं म्हणजे ५२ लिटर, म्हणजे ३७ सेंटिमीटर बाजूचा एक ठोकळा, टीव्हीच्या जुन्या खोक्यापेक्षा लहान. आणि द्रवरूप हायड्रोजन, तोही उणे २५३ अंशाला गार करून ठेवलेला, त्याची घनता ७१. एक टनाला १४ घनमीटर लागतात. एकाच आकाराच्या पिंपात एक टन सोनं आणि एक टन हायड्रोजन बसवायचे असतील तर पिंप १४ घनमीटरचं करावं लागेल आणि सोन्याच्या पिंपात तळाला थोडं सोनं आणि बाकी सगळा भपका. भाच्याचं ७२० टन सोनं म्हणजे ३७ घनमीटर. बारा बाय अकराची एक खोली, दहा फूट उंच, बस. आपल्या रिझर्व्ह बँकेकडं २०२५ मध्ये साधारण ८८० टन सोनं होतं, ते सगळं एकावर एक रचलं तरी घरातल्या एका हॉलमध्ये मावेल (फरशी टिकली तर). त्यासाठी जहाजात फुटबॉलच्या मैदानाएवढं गोदाम कशाला पाहिजे?

सोन्याचं वजन किती असतं ह्याचा अंदाजच नसतो आपल्याला, आणि त्याचा फायदा घेणारे गावोगाव आहेत. गुप्तधनाच्या गोष्टी आपल्याकडं अजून चालतात, अमक्याच्या शेतात मोहरांनी भरलेला हंडा निघाला आणि तो रातोरात खांद्यावर टाकून पळाला. वीस लिटरचा हंडा नाण्यांनी भरला, मधल्या फटी सोडल्या, तरी १२ लिटर सोनं होतं, म्हणजे २३० किलो. क्विंटलची दोन पोती आणि वर तीस किलो, एकट्या माणसानं, अंधारात, नांगरटीतून. घनता माहीत असलेला माणूस ही गोष्ट पहिल्या वाक्यालाच थांबवतो. आणि ह्याच गोष्टींपायी मांत्रिक बोलावून जे अघोरी प्रकार होतात त्यांच्याविरुद्ध राज्यात २०१३ पासून कायदा आहे, त्यात गुप्तधनासाठी केलेले असले प्रकारही येतात. हे लिहायचं कारण, मोजमाप ही काही फक्त परीक्षेची गोष्ट नाही.

पाण्याचं उदाहरण मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, एका वाघिणीत ५० हजार लिटर, नंतर ५० वाघिणींची गाडी म्हणजे २५ लाख लिटर. एक घनमीटर पाणी बरोबर एक टन, म्हणून ५० हजार लिटर म्हणजे ५० टन, हिशोब सरळ. त्याच वाघिणीच्या टाकीत सोनं काठोकाठ भरलं असतं तर ९६५ टन झालं असतं, आणि चार आसांची वाघीण मालासकट साधारण ९० टनांपर्यंतच रुळावर चालवता येते. टाकी तीच, रूळ तेच, फक्त मालाची घनता बदलली आणि सगळं मोडलं.

गेमवाले ह्यातलं एक काहीतरी मोजतात आणि दुसरं सोडून देतात. एलिटमध्ये माल टनात मोजतात, जागा मोजत नाहीत. ईव्ह ऑनलाइन २००३ पासून चालू आहे, तिथं उलट, माल घनमीटरमध्ये मोजतात पण भरलेल्या मालाचं वस्तुमान जहाजात मिळवतच नाहीत, भरलेलं जहाज आणि रिकामं जहाज सारखंच वळतं. स्टार सिटिझनमध्ये सव्वा मीटर बाजूचं एक ठरावीक खोकं हेच माप, आणि खोकी डोळ्यांदेखत एकावर एक रचावी लागतात, ते मला आवडलं, निदान जागा तरी खरी वाटते. एलिटला एक श्रेय द्यायलाच पाहिजे, माल भरला की जहाजाची एका उडीत जायची मजल कमी होते, म्हणजे वस्तुमान कुठंतरी धरलंय त्यांनी.

पण त्याच एलिटमधलं अ‍ॅनाकोंडा नावाचं जहाज बघा. लांबी १५२ मीटर, रुंदी ६२, उंची ३२, आणि सांगाड्याचं वस्तुमान ४०० टन. ह्या तिन्हींचा खोका केला तर ३ लाख घनमीटर होतो, जहाज काही चौकोनी नसतं म्हणून त्यातला चौथा हिस्साच धरा, ७५ हजार. ४ लाख किलो भागिले ७५ हजार, म्हणजे दर घनमीटरला ५.३ किलो. आपल्या भोवतालची हवाच १.२ किलो असते. पॅकिंगचा थर्माकोल १५ ते २० किलो असतो. म्हणजे तोफा लावायच्या आधी ह्या लढाऊ जहाजाचा सांगाडा थर्माकोलपेक्षा तिपटीनं हलका आहे. खरं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४२० टनांचं आहे आणि त्याच्या आत माणसांना राहायची हवाबंद जागा हजार घनमीटरच्या आसपास, बाहेर पसरलेलं ते बरंचसं सौर पंखांचं पातळ काम. मला वाटतं लांबी काढणारा एक असतो, आकडा लिहिणारा दुसरा, आणि लांबी दुप्पट केली की घनफळ आठपट होतं हे मधल्यामध्ये विसरून जातं.

आता माझ्या खऱ्या आवडीचं. भाचा म्हणाला, "मामा, पण अंतराळात वजनच नसतं ना, मग कितीपण भरा, काय फरक पडतो?" हा गैरसमज सगळीकडं आहे, चांगल्या शिकलेल्यांत पण. वजन म्हणजे गुरुत्वाकर्षणाची ओढ, ती तिथं जाणवत नाही खरी. पण वस्तुमान कुठं जात नाही. वस्तुमान म्हणजे वस्तूचा हट्ट, थांबलेली असेल तर हलायचं नाही, चालत असेल तर थांबायचं नाही. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. जहाज ४०० टनांचं धरलं आणि त्यात ७२० टन माल टाकला तर एकूण ११२०, म्हणजे त्याच इंजिनावर वेग २.८ पट सावकाश वाढणार आणि थांबायलाही २.८ पट वेळ लागणार, आणि तिथं रस्ता नाही, टायरचं घर्षण नाही, ब्रेक नाही, थांबायचं म्हणजे जहाज उलटं फिरवून परत इंधन जाळायचं. भरल्या गाडीचा ड्रायव्हर घाट उतरताना गिअर कमी करून येतो, त्याला हे कळतं. एक टनाचं पिंप तरंगत येऊन माणूस आणि भिंत ह्यांच्या मध्ये सापडला तर माणूस चिरडतो, पिंपाचं वजन शून्य असलं तरी.

आणि ह्याच्या पुढं आहे इंधनाचं गणित. इथं थोडं धीरानं घ्या. रॉकेट पुढं जातं ते मागं गॅस फेकून, आणि फेकायचा गॅस आधी स्वतःच उचलून न्यावा लागतो. म्हणजे इंधन माल ढकलतं आणि उरलेलं इंधनही ढकलतं. म्हणून हिशोब बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. रशियाच्या त्सिओल्कोव्स्कीनं १९०३ मध्ये हे सूत्र छापलं, सुरुवातीचं वस्तुमान भागिले शेवटचं वस्तुमान म्हणजे e चा (गणितातली एक ठरावीक संख्या, साधारण २.७१८) घात, आणि घातात हवा असलेला वेगबदल भागिले गॅसचा वेग. हायड्रोजन-ऑक्सिजनचं चांगलं इंजिन गॅस सेकंदाला साधारण ४.४ किलोमीटरनं फेकतं. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून मंगळाच्या वाटेला लागायला सेकंदाला ३.६ किलोमीटरचा बदल लागतो. ३.६ भागिले ४.४ म्हणजे ०.८१८, e चा तेवढा घात २.२७. म्हणजे ११२० टनांचं जहाज न्यायचं तर सुटताना २,५४० टन पाहिजे, त्यात इंधन १,४२०. आणि हे फक्त निघण्याचं, तिकडं पोचून थांबायचं धरलंच नाही. वेगबदल दुप्पट केला तर इंधन दुप्पट होत नाही, सव्वातीन पट होतं.

आपलंच उदाहरण घ्या, १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ गेलं तेव्हा सुटताना रॉकेट साधारण ६४० टन होतं आणि चांद्रयान ३.९ टन.

आता त्या १,४२० टनांना जागा किती लागते ते बघा, घनता इथं परत येते. इंजिनात एक भाग हायड्रोजनला सहा भाग ऑक्सिजन, वजनानं. म्हणजे हायड्रोजन २०३ टन, ऑक्सिजन १,२१७ टन. ऑक्सिजन द्रवरूपात पाण्यापेक्षा जरा जडच, त्याला १,०७० घनमीटर पुरतात. हायड्रोजन वजनाला ऑक्सिजनच्या सहावा हिस्सा, पण त्याला लागतात २,८६० घनमीटर. दोन्ही मिळून ३,९३०. सोनं ३७ घनमीटर. माल एका खोलीत आणि इंधन तसल्या १०५ खोल्यांत. गेममधल्या जहाजात अख्खं पोट गोदामाचं आणि इंधनाची टाकी कोपऱ्यात कुठंतरी, आणि खरं जहाज बरोबर उलटं असणार.

भाच्यानं विचारलं सोन्याऐवजी कापूस नेला तर? चांगला प्रश्न. प्रेसिंगची गाठ १७० किलोची, ७२० टनाला ४,२३५ गाठी, एका गाठीला साधारण घनमीटरचा तिसरा हिस्सा जागा धरली तर १,४०० घनमीटर. गोदाम अडतीस पट मोठं लागेल आणि त्याचा पत्रा-सांगाडा वाढेल, पण मालापुरतं इंधन तेवढंच, कारण इंधन फक्त वस्तुमान विचारतं, आत सोनं आहे का कापूस ते विचारत नाही. काट्यासारखंच.

मग त्यानं वहीत जहाज काढलं, मधे एक लहान खोली आणि तिच्या बुडाला दोन अवाढव्य गोळे. "मामा, एवढ्या टाक्या बाहेर टांगल्या आणि रिकाम्या झाल्या की सोडून दिल्या तर?" मी त्याला अमेरिकेच्या स्पेस शटलचा फोटो काढून दाखवला, पोटाला लावलेली ती केशरी ४७ मीटरची टाकी, आत १०६ टन हायड्रोजन आणि ६२९ टन ऑक्सिजन. सुटल्यापासून साडेआठ-नऊ मिनिटांत ती रिकामी व्हायची आणि तिला तिथंच सोडून शटल पुढं जायचं.