काचेचे वाईन सेलर आणि सीमाभागातील हवा : एक पार्श्वभूमी

जिन्याखालची मोकळी जागा किंवा दिवाणखान्याची एक बाजू काचेने बंदिस्त करून तिथे वाईनच्या बाटल्या मांडायच्या, अशी मागणी आता बेळगाव आणि आसपासच्या सीमाभागातही घर बांधणाऱ्यांकडून होऊ लागली आहे. छायाचित्रांत पाहिलेले असे सेलर इथल्या घरात जसेच्या तसे उभारता येईल असे अनेकांना वाटते. परंतु त्यामागे दोन स्वतंत्र इतिहास आहेत. एक जमिनीखालच्या साठवणीचा आणि दुसरा सपाट काचेचा. हे दोन्ही शतकानुशतके एकमेकांपासून दूर राहिले आणि अगदी अलीकडे एकत्र आले. ते दूर का राहिले होते हे समजून घेतल्याशिवाय आपल्या हवेत असे सेलर टिकणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

युरोपातील सेलर म्हणजे मुळात जमिनीच्या थंडाव्याचा उपयोग होय. काही मीटर खोल गेल्यावर जमिनीचे तापमान त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाजवळ स्थिरावते आणि उन्हाळा-हिवाळ्याचा फरक तिथे जवळजवळ पोहोचत नाही. पॅरिसच्या वेधशाळेखाली सुमारे २८ मीटर खोलीवर अठराव्या शतकात तापमापक ठेवून नोंदी घेण्यात आल्या, तेव्हा तो वर्षभर १२ अंश सेल्सियसच्या आसपासच राहत असल्याचे दिसून आले. शँपेन प्रांतातील रेम्स शहराखाली चुनखडीच्या जुन्या खाणी आहेत. त्या पोकळ्यांमध्येही १० ते १२ अंशांचा गारवा कायम असतो आणि म्हणूनच तिथल्या वाईन उत्पादकांनी त्या साठवणीसाठी ताब्यात घेतल्या. वाईन दीर्घकाळ ठेवण्यासाठी आज १२ ते १४ अंश तापमान आणि ६० ते ७० टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. हे आकडे प्रयोगशाळेतून आलेले नाहीत. ज्या तळघरांत वाईन चांगली मुरत होती, त्या तळघरांचीच ही हवा आहे.

बाटलीचा आकारही या कथेचा भाग आहे. इंग्लंडमध्ये १६१५ साली काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास राजाज्ञेने मनाई झाली, कारण जहाजांसाठी ओक वाचवायचा होता. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, उष्णता वाढली आणि जाड, गडद, मजबूत काच तयार होऊ लागली. सुरुवातीच्या बुटक्या, फुगीर बाटल्या फक्त उभ्याच राहत असत. अठराव्या शतकात त्या सरळ, दंडगोलाकार झाल्या, तेव्हा त्यांना आडवे ठेवून एकावर एक रचता येऊ लागले. आडव्या बाटलीतील वाईन बुचाला भिजत ठेवते, बूच आकसत नाही आणि हवा आत शिरत नाही. सेलरमधील आडव्या फळ्या आणि कप्पे या गरजेतून आले आहेत. आज अनेक भारतीय वाईनच्या बाटल्यांना फिरकीचे झाकण असते, त्यांना आडवे ठेवण्याची गरज नाही. तरीही घरोघरीच्या आराखड्यांत सर्व बाटल्यांसाठी आडवे कप्पेच काढले जातात.

आपल्याकडे जमिनीखालची साठवण अपरिचित नव्हती. देशावरच्या वाड्यांत तळघरे आणि बळदे, म्हणजे धान्याच्या बंदिस्त कोठ्या होत्या आणि ज्वारीसाठी पेवे, म्हणजे जमिनीतील साठवणीचे खड्डे होते. शहापूर आज बेळगावचाच भाग असले, तरी स्वातंत्र्यापूर्वी ते सांगली संस्थानात होते. त्याच सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. अरुंद तोंडाचा आणि खाली रुंद होत जाणारा खड्डा, त्याच्या तळाशी व कडेने पाला-काड्यांचा थर, वर हळदीची पोती आणि तोंड मातीने लिंपून बंद, अशी ही रचना असे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आत प्राणवायू उरलेला नसतो, त्यामुळे कोंडलेली हवा बाहेर जाईपर्यंत थांबावे लागे. याच हवाबंद अवस्थेमुळे कीड जगत नसे आणि हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या महापुरात या पेवांचे फार मोठे नुकसान झाले. ही व्यवस्था किती बारकाईने जमिनीचा स्वभाव ओळखून उभी केलेली होती, याची जाणीव आज आपल्याला पुरेशी नाही, याचे वाईट वाटते.

मात्र पेवाने जे साधले ते कोरडेपणाने आणि हवाबंदपणाने साधले, थंडाव्याने नव्हे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि त्याची हवा सुखद मानली जाते, तरीही इथले वार्षिक सरासरी तापमान २४ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे जांभ्यात कितीही खोल तळघर खणले तरी तिथे २४ अंशांच्या जवळपासचीच हवा मिळेल. पूर्वेकडे अथणीच्या काळ्या मातीत ती याहून उबदारच असेल. युरोपात जमीन जे फुकट देते ते इथे यंत्रानेच निर्माण करावे लागते, आणि एकदा यंत्र आले की सेलर जमिनीखाली असण्याचे मुख्य कारणच उरत नाही. काचेच्या सेलरला आपल्याकडे जागा मिळाली ती या कारणाने. नुसत्या हौसेने तिचा उलगडा होत नाही.

वाईन या भागात आली ती मुख्यतः पश्चिमेकडून. घाट उतरला की पोर्तुगीज गोवा होता आणि तिथे पोर्ट वाईन रोजच्या व्यवहारातील वस्तू होती. बेळगावच्या कॅन्टोन्मेंटमध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्येही आयात वाईन येत असे. सर्वसामान्य मराठी घराशी मात्र तिचा संबंध नव्हता. स्वातंत्र्यानंतर बेळगाव मुंबई राज्यात होते, त्यामुळे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा इथेही लागू झाला; १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि पुढे १९६५ चा अबकारी कायदा आला. अशा काळात घराच्या नकाशात वाईनसाठी जागा असण्याचा प्रश्नच नव्हता.

परिस्थिती बदलली ती द्राक्षबागांमुळे. १९८० च्या दशकात नारायणगावला वाईननिर्मिती सुरू झाली, १९८८ साली बंगळूरजवळ नंदी हिल्सच्या परिसरात ग्रोव्हर यांचा उद्योग उभा राहिला आणि नव्या शतकाच्या तोंडावर नाशिकला सुला ही वाईन कंपनी आली. महाराष्ट्राने २००१ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये वाईनविषयक धोरण जाहीर केले. कर्नाटकाने ठरवलेल्या वाईन क्षेत्रांपैकी कृष्णा खोरे हे विजयपूर, बागलकोट आणि बेळगाव या जिल्ह्यांचे आहे. सीमेपलीकडे सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क आखले गेले. तरीही अथणी आणि तासगावच्या शेतकऱ्याचे मुख्य गणित आजही खाण्याच्या द्राक्षांचे आणि बेदाण्याचेच आहे. इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे: भारतात तयार होणाऱ्या बहुतेक वाईन, विशेषतः पांढऱ्या, एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच बनवलेल्या असतात. त्या दहा वर्षे सेलरमध्ये ठेवल्याने सुधारत नाहीत.

आता काचेकडे वळू. मराठी मुलखाला काचेचा उद्योग नवा नाही. तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला आणि कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ पासून ओगले बंधूंनी काच बनवली. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला. पण बाटल्या आणि कंदिलाच्या चिमण्या बनवणे वेगळे आणि भिंतीएवढी सपाट, स्वच्छ काच बनवणे वेगळे. ते स्वस्तात शक्य झाले इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या फ्लोट पद्धतीमुळे. या पद्धतीत वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत पसरते आणि घासल्यावाचून दोन्ही बाजूंनी सपाट होते. भारतात तळोजा आणि अंकलेश्वर येथे असे कारखाने १९९० च्या दशकात आले, श्रीपेरुंबुदूरचा २००० साली. बेळगावच्या दुकानांत मोठ्या मापाची टफन काच सहज मिळू लागली ती त्यानंतर. ही काच ६०० अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केलेली असते. त्यामुळे ती साध्या काचेहून कितीतरी मजबूत होते, पण नंतर तिला कापता किंवा भोक पाडता येत नाही. बिजागरीचे भोक दोन मिलिमीटर चुकले तर ती काच बाद होते आणि नवीच करून आणावी लागते. म्हणून फ्रेम आणि फरशी पूर्ण झाल्यावरच अंतिम मापे घ्यावीत, हा अनुभवी फॅब्रिकेटरचा, म्हणजे काच-फ्रेम बसवणाऱ्याचा, आग्रह योग्य असतो.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. जून ते सप्टेंबर या काळात बेळगाव आणि विशेषतः खानापूर पट्ट्यात घरातील हवा दिवसेंदिवस दमट राहते. खोलीत २४ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे २१ अंशांवर येतो. म्हणजे २१ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी जमणारच. सेलरच्या आत १३ अंश असताना एकेरी काचेचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण १८ ते १९ अंशांवर उतरतो. परिणामी काच दिवसभर पाझरते, आतल्या बाटल्या धूसर होतात, फरशीवर ओघळ येतात आणि खालच्या लाकडी पट्टीला बुरशी धरते. दुहेरी काच लावली तर पृष्ठभाग २१ अंशांच्या आतबाहेर राहतो, म्हणजे काठावर. लो-ई लेप (उष्णतेचे प्रारण कमी करणारा पातळ थर) असलेली आणि मधल्या पोकळीत आर्गॉन वायू भरलेली दुहेरी काच त्याच परिस्थितीत सुमारे २२ अंशांवर राहते आणि बहुतेक दिवस कोरडी असते. दुहेरी काचेची मूळ कल्पना १८६५ च्या अमेरिकन पेटंटइतकी जुनी आहे, पण ती थंड देशांत घराची ऊब राखण्यासाठी वाढली. आपल्याकडे तिचे काम बरोबर उलट्या दिशेने चालते. अथणी किंवा चिकोडीच्या कोरड्या हवेत पाझरण्याचा प्रश्न बराच सौम्य असतो. तिथे त्रास होतो तो एप्रिल-मे मधील उन्हाचा आणि त्यामुळे यंत्रावर पडणाऱ्या भाराचा.

काचेखेरीज उरलेल्या भिंती आणि छत यांचाही विचार याच उलट दिशेने करावा लागतो. बाष्परोधक थर नेहमी उबदार बाजूला, म्हणजे इथे खोलीच्या बाजूला बसवायचा असतो. तो आतून लावला तर बाष्प इन्सुलेशनमध्ये, म्हणजे उष्णतारोधक थरात, शिरून तिथेच पाणी होते आणि जांभ्याच्या भिंतीत ओल मुरते. सुदैवाने हे काम जाणणारी माणसे आपल्या परिसरात आहेत. तासगाव, सांगली आणि विजयपूरकडे बेदाण्यासाठी शीतगृहे उभी आहेत; पफ पॅनेल (फोम भरलेले उष्णतारोधक तक्ते) बसवणाऱ्या, सांधे भरणाऱ्या आणि दरवाजाचे गॅस्केट (कडेची रबरी पट्टी) बदलणाऱ्या कारागिरांना बाष्पाची वाट कशी अडवायची ते पक्के ठाऊक असते. घराचे सेलर करताना केवळ सुतार आणि काचवाल्यावर न थांबता अशा एखाद्या माणसाचा सल्ला घेतला, तर पुढची बरीच दुरुस्ती टळते.

थंडाव्यासाठी साधा स्प्लिट एसी पुरत नाही. तो बहुधा १६ अंशांखाली नेता येत नाही आणि हवा कोरडी करत राहतो, त्यामुळे बुचे सुकतात. हवेतील आर्द्रता यंत्राने आवरण्याचा आरंभ १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी विलिस कॅरियर यांनी केला, कारण दमट हवेने कागद ताणला जाऊन रंग सरकत होते. घरगुती वाईन कपाटे त्यानंतर बऱ्याच काळाने आली. फ्रान्समधील युरोकेव्ह ही कंपनी १९७६ सालची. सेलरच्या यंत्राची गरम हवा बाहेर जाण्याची आणि पाण्याच्या निचऱ्याची सोय मूळ नकाशातच हवी. पावसात वीज गेली तरी काही तास तापमान टिकते, पण काचेच्या भिंती जितक्या जास्त तितके ते लवकर चढते. म्हणून चारही बाजू काचेच्या करण्यापेक्षा समोरची एकच बाजू काचेची ठेवावी, असे मी आवर्जून सुचवेन.

उजेडाचा प्रश्नही काचेनेच आणला आहे. अतिनील आणि निळा प्रकाश वाईनमधील रायबोफ्लेविनला (ब-२ जीवनसत्त्वाला) चेतवतो, त्यातून गंधकाची संयुगे बनतात आणि वाईनला ओल्या लोकरीसारखा वास येतो. रंगहीन, पारदर्शक काचेच्या बाटलीतील शँपेनला हा दोष काही तासांतही येऊ शकतो. लॅमिनेटेड काचेतील, म्हणजे दोन काचा चिकटवून केलेल्या काचेतील, पीव्हीबी हा प्लास्टिकचा थर अतिनील किरणे जवळजवळ पूर्ण अडवतो, निळा प्रकाश मात्र आत येतोच. त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीसमोर सेलर नसावे आणि आतले दिवे मंद, पिवळसर एलईडीचे असून गरजेपुरतेच लागावेत.

सेलर किती मोठे असावे, हे ठरवताना कायदाही पाहावा लागतो. परवान्याशिवाय घरात किती वाईन बाळगता येते याची मर्यादा प्रत्येक राज्याच्या अबकारी नियमांत ठरवलेली आहे आणि ती कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा या तिन्ही राज्यांत सारखी नाही. गोव्यातून चोर्ल्याच्या वाटेने आणलेल्या बाटल्यांना वाहतुकीचे नियमही लागू होतात. शेकडो बाटल्यांच्या कप्प्यांचा आराखडा काढण्याआधी जिल्ह्याच्या अबकारी कार्यालयात ही मर्यादा आणि परवान्याची अट विचारून घ्यावी आणि कप्प्यांची संख्या त्यानंतरच ठरवावी.